दुसरं टोक

"डावीकडं घ्या. अहो, तुमच्या डावीकडं नाही, टीव्हीच्या."

"टीव्हीलाही डावं-उजवं असतं, हे मला लग्नानंतरच कळलं," नवरा म्हणाला आणि त्यानं काचेचं आपलं टोक बोटभर सरकवलं.

काचबाई घडीच्या शिडीवर उभी होती. दोन्ही हातांत काचेचं दुसरं टोक, खांद्यावर ओलसर फडकं, आणि पाठीमागे वृद्धाश्रमाचा अख्खा हॉल. चहाचे कप हातात धरून सगळे म्हातारे-म्हाताऱ्या तिच्याकडे टक लावून बघत होते, कारण टीव्ही बंद असल्यामुळे बघायला दुसरं काही नव्हतं. टीव्ही होता भिंत व्यापणारा. त्यावर बातम्या सांगणारी बाई आली की ती हॉलमधल्या कुठल्याही माणसापेक्षा थोराड दिसायची.

"पंखा लावला नाही ना कुणी? काचेवर धूळ बसेल," काचबाईनं मागे न बघता विचारलं.

"मगाचपासून बंदच आहे. आम्ही उकडून निघालोय," पहिल्या खुर्चीवरून टेलिफोनवाल्या आजी म्हणाल्या. "आणि माझी मालिका आता सुरू होईल, तेवढं लक्षात असू दे." आजींनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात घालवला होता. कुणाचं बोलणं मधेच तुटलेलं त्यांना अजून खपत नसे, मालिकेतल्या लोकांचं तर अजिबातच नाही.

खिडकीशी, हात पाठीमागे बांधून, वस्ताद उभे होते. नवी काच लागली ती त्यांच्यापायी. जुनी काच भिंतीला टेकवून ठेवली होती. तिचा वरचा उजवा कोपरा नखांनी ओरबाडून पांढरा पडला होता आणि तिला टीव्हीशी बांधून ठेवणारा पट्टा उसवून लोंबत होता. गेल्या आठवड्यात त्यांनी ती अशी काही ओढली, की टीव्हीच भिंतीवरून सुटता सुटता राहिला.

वस्तादांनी काचबाईला ओळखलं नव्हतं. हल्ली ते कुणालाच ओळखत नसत. पण काचेकडे मात्र ते असे बघत होते, जसं एखाद्यानं आपल्या घराकडे रस्त्याच्या पलीकडून बघावं.

"बसली," नवरा म्हणाला. काच टीव्हीच्या वरच्या कडेवर नीट टेकली होती. काचबाईनं पट्टे मागून आवळले, मग चारही कडांना रबरी पट्टी दाबून बसवली. आता कोपऱ्यात नखच काय, केससुद्धा गेला नसता. राहिली होती ती फक्त काचेच्या बाहेरच्या अंगाला कारखान्यातून चिकटवून आलेली दुधट फिल्म. आजींनी घड्याळाकडे बघून घसा खाकरला. काचबाईनं फिल्म भराभर ओढून काढली, चुरगळली आणि पिशवीत कोंबली.

वस्ताद खिडकीपासून एक पाऊल पुढे आले होते. ते तिथंच थांबले. तिच्या ते लक्षात आलं नाही. तिचं लक्ष कडांकडे होतं.

काच म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. खरं तर ती ॲक्रिलिकची शीट. मोठ्या टीव्हीचा पडदा म्हणजे नुसता नाजूक कारभार. पोरांचा चेंडू, भांडणात भिरकावलेला रिमोट, आजोबांची काठी, काहीही लागलं की संपलं. म्हणून त्याच्यापुढे ही शीट टांगायची. सुरुवातीला ती गिऱ्हाइकांना समजावून सांगायची, की बाबांनो, ही काच नव्हे. पण लोकांनी तिचंच नाव काचबाई पाडलं, तेव्हा तिनं नाद सोडला.

हे काम तिला शिकवलं वस्तादांनी. तेव्हा ती एका टीव्हीच्या दुकानात खोकी बांधायला होती. वस्तादांचा जोडीदार काम सोडून गेला होता, आणि एवढी मोठी काच एकट्याला चढवता येत नाही. अंगात कितीही बळ असो, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंच. दुकानात चांगले धडधाकट बाप्ये उभे होते. त्यांना सोडून वस्तादांनी हिला विचारलं, "दुसरं टोक धरशील का गं?" तिनं धरलं, ते वस्तादांचे गुडघे जाईपर्यंत सोडलं नाही.

बाईमाणूस कशाला घेतलं, असं पुढे कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "तिला खोकं बांधताना बघितलं. दोरी ओढायच्या आधी खोकं कुठं दबेल ते बघत होती." यापलीकडे त्यांनी तिचं कौतुक कधी केलं नाही, आणि तिला एवढं जन्मभर पुरलं. सासूबाईंनी मात्र आकाशपाताळ एक केलं. परक्या माणसाबरोबर परक्यांच्या घरांत हिंडायचं म्हणजे काय. वस्ताद एका रविवारी आले आणि सासूबाईंच्या टीव्हीला काच बसवून गेले. त्यानंतर सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून काचेच्या लाइनीत आहे," आणि हे सांगताना पदर सावरायच्या.

काम आटोपल्यावर व्यवस्थापक बाईंनी काचबाईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"हे बघा, तुम्ही त्यांच्या मुलीसारख्या आहात, म्हणून स्पष्ट बोलते. मला त्यांना वरच्या मजल्यावर हलवावं लागेल."

वरचा मजला काचबाईला माहीत होता. त्याचं दार बाहेरून बंद असे. तिथं टीव्ही नव्हता, आरसा नव्हता, ओढता येईल असं काहीच नव्हतं. जी माणसं स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतील अशी भीती असे, ती तिथं. खालच्यांनी वर जायचं नाही आणि वरच्यांनी खाली यायचं नाही.

"ते कुणाला मारत नाहीत हो," काचबाई म्हणाली.

"मारत नाहीत. पण टीव्ही पडला असता तर समोर बसलेली माणसं वाचली नसती. शिवाय जेवत नाहीत. ताट वाढलं की काचेपाशी जाऊन उभे. चहा नाही, पाणी नाही. आम्ही गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं, पालथ्या घड्यावर पाणी. दिवसाकाठी कसेबसे दोन घास जातात, तेही जबरदस्तीनं. मला हे आवडतं असं वाटतं का तुम्हाला?"

आवडत नव्हतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. बाई वाईट नव्हती. पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतील, तोवर नवी काच टिकते का आणि ते जेवतात का ते बघू, एवढं तिनं कबूल केलं.

परत जाताना टेम्पोत नवरा म्हणाला, "आपल्या घरी आणू या त्यांना."

"आणि दिवसभर कोण बघणार? तुम्ही टेम्पोवर, मी शिडीवर."

नवऱ्यानं गिअर टाकला. दोघांनाही ठाऊक होतं, की म्हातारा एकटा घरात राहिला तर उघड्या दारानं निघून जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. वस्तादांचा मुलगा दूर देशी. तो फोनवर दर वेळी एकच म्हणायचा, "ताई, तुम्ही ठरवाल ते." आणि हा आश्रम ठरवला होता तिनंच. वर त्यांना कोंडलं तर कुणी कुणाला जाब विचारणार नव्हतं. तिचं तिलाच ते गिळावं लागणार होतं.

दोन दिवसांनी आश्रमातून वॉर्डबॉयचा फोन आला. वॉर्डबॉय चांगला पन्नाशीला आलेला, नातवंडं झालेला माणूस, पण हुद्द्यापुढे वयाचं काही चालत नाही.

"काचबाई, तुमची काच एकदम मजबूत आहे," तो म्हणाला. "एवढी, की वस्तादांच्या अंगठ्याचं नख उलटलं. आणि ती लावल्यापासून त्यांच्या पोटात काही नाही. आधी दोन घास तरी जायचे, आता तोंडच उघडत नाहीत. बाई डॉक्टरांना आजच बोलावतायत."

ती हातातलं काम गिऱ्हाइकाची माफी मागून तसंच टाकून निघाली. नवऱ्यानं टेम्पो असा हाणला, की एरवी ती त्याला बोलली असती.

हॉलमध्ये वस्ताद काचेपुढे उभे होते. अंगठ्याला पट्टी बांधलेली. स्टुलावर पाण्याचा भरलेला पेला. वॉर्डबॉय शेजारी, त्यांच्या कोपराला हात लावून, पडलेच तर धरायला. काचबाई दारातच थांबली. आजवर ती काचेकडे बघत आली होती. आज पहिल्यांदा तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं.

हात वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला. अंगठ्यानं कड चाचपली. मग ओठ किंचित पुढे झाले आणि त्यांनी तिथं हलकी फुंकर मारली. हात तिरका खाली आला, रिकामाच. पुन्हा वर गेला.

हे तिनं किती घरांत बघितलं होतं.

बाहेरची फिल्म काढणं हा वस्तादांच्या आयुष्यातला एकुलता एक नाटकीपणा होता. एरवी तोंडात मूग धरून काम करणारा हा माणूस काच चढली की घरातल्या सगळ्यांना बोलावून समोर उभं करायचा. टीव्ही लावायचा. दुधट फिल्ममधून सगळं धुक्यातल्यासारखं दिसायचं. मग वरच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख, सुटलेल्या कोपऱ्यावर फुंकर, आणि एका दमात, कुठंही न तोडता, तिरकी खाली. आतून लख्ख चित्र बाहेर आलं की पोरं नाचायची आणि मोठी माणसंही नकळत हसायची. वस्ताद फिल्मची गुंडाळी काचबाईच्या हातात द्यायचे, खाली बसायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "आता पाणी द्या."

त्याआधी नाही. ऐन उन्हाळ्यात जिन्यानं काच वर चढवून नेली, घसा कोरडा ठणठणीत पडला, कुणी पेला पुढे केला, तरी नाही. "काम पुरं झालेलं नाही, ताई." एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, राहू दे ती फिल्म, काच नवी राहील. वस्ताद वाद घालत नसत. न बसता, न पिता नुसते उभे राहायचे. शेवटी गिऱ्हाईकच ओशाळून म्हणायचं, काढा बाबा.

आणि काचबाईनं काय केलं होतं, तर त्यांच्या डोळ्यांदेखत ती फिल्म स्वतःच ओढून पिशवीत कोंबली होती, एका मालिकेसाठी. वर कडा बुजवल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हाताऱ्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं, पण काम अर्धं आहे आणि अर्ध्या कामावर जेवायचं नसतं, एवढं मात्र पुसलं गेलं नव्हतं. ते हट्ट करत नव्हते. ते कामावर होते. हे तिला, त्यांच्या दुसऱ्या टोकाला, कळू नये याची तिला इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले.

ती धावत टेम्पोकडे गेली. मागे फिल्मचा रोल होता. काच कापताना ओरखडे पडू नयेत म्हणून ती वर चिकटवायला ठेवायची. रोल घेऊन ती हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "पंखा बंद करा."

"परत?" टेलिफोनवाल्या आजी म्हणाल्या.

"परत."

तिनं रबरी पट्टी उपटून काढली. नवऱ्यानं न सांगता रोलचं दुसरं टोक धरलं, आणि या खेपेला डावं-उजवं काही चुकला नाही. दोघांनी फिल्म वरून खालपर्यंत तळव्यांनी दाबत आणली. मग तिनं टीव्ही लावला. मालिकेतली माणसं धुक्यात हरवल्यासारखी दिसू लागली.

"अगं, पण आता काही दिसत नाही," आजी म्हणाल्या.

"सगळे इकडं या," काचबाई म्हणाली. "जरा उभे राहा, ज्यांना जमतं त्यांनी."

माणसं उठली. व्यवस्थापक बाईही आपल्या खोलीतून आल्या, त्यांच्या हातात फोन होता. काचबाई बाजूला झाली. वस्तादांनी हॉलभर नजर फिरवली, सगळे आलेत का ते बघितलं. नेहमी बघायचे तसं. मग पट्टी बांधलेला अंगठा त्यांनी कोपऱ्यावर टेकवला. नख नव्हतंच. त्यांनी डाव्या हाताचं नख वापरलं. कोपरा सुटला, त्यांनी फुंकर घातली आणि फिल्म खाली ओढली, सरळ, एका दमात, आणि ती कुठंही तुटली नाही.

मागे कुणीतरी टाळी वाजवली. वस्तादांनी फिल्मची गुंडाळी केली आणि काचबाईच्या हातात दिली. तिच्या तोंडाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढली, बसले.

"आता पाणी द्या."

वॉर्डबॉय पेल्याकडे वळेपर्यंत व्यवस्थापक बाईंनीच तो उचलून त्यांच्या हातात दिला. ते घटाघट प्यायले. मग जेवण आणलं, ते सगळं जेवले, शेवटचं शीतसुद्धा बोटानं गोळा करून. जेवता जेवता एकदा काचबाईकडे बघून म्हणाले, "खालच्या कडेला बुडबुडा राहिला होता पोरी. पुढच्या खेपेला बघून लाव."

"हो वस्ताद," ती म्हणाली, आणि व्हरांड्यात जाऊन पोटभर रडली. नवरा शेजारी उभा राहिला. त्याला विनोद सुचला नाही, किंवा सुचला असेल तर त्यानं केला नाही.

डॉक्टर आले, त्यांनी वस्तादांना जेवताना बघितलं. व्यवस्थापक बाईंनी डॉक्टरांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण वरच्या मजल्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. काचबाईनं फिल्मचे रोल आश्रमात आणून ठेवले आणि वॉर्डबॉयला ती लावायला शिकवली. त्याचा हात जड. सुरुवातीला तो अशा सुरकुत्या पाडायचा, की वस्ताद त्या मोजून दाखवायचे आणि मगच काढायचे. रोज सकाळी त्यानं फिल्म लावायची, जेवणाच्या आधी सगळ्यांनी जमायचं, वस्तादांनी ती काढायची, मग पाणी, मग जेवण. वस्तादांच्या गालांवर मांस आलं. वॉर्डबॉयचा हात असा बसला, की काचबाई त्याला म्हणाली, नोकरी सोडून माझ्याकडं या. तो म्हणाला, तुमच्याकडं तरी मला बॉय म्हणणार नाहीत ना.

सगळ्यात मोठा फरक पडला तो टेलिफोनवाल्या आजींत. फिल्म काढायच्या वेळी कुणी खोकलं तरी त्या मागे वळून दटावत. नव्यानं आलेल्या एका आजोबांनी एकदा मधेच विचारलं, की हे काय चाललंय, रोज रोज कशाला ती लावायची आणि काढायची. आजी म्हणाल्या, "गप बसा. त्यांचं काम चाललंय." आजोबा गप बसले, आणि दुसऱ्या दिवशीपासून काठी टेकत उठून उभे राहू लागले.

काचबाई सवड काढून यायची. वस्तादांनी तिला कधीच ओळखलं नाही. पण तिच्या लावण्यातल्या चुका ते काढत, आणि तिला तेवढं पुरे होतं. काही चुका तर ती मुद्दाम ठेवायची.

थंडी सरता सरता व्यवस्थापक बाईंचा फोन आला. सकाळी वस्ताद उठलेच नव्हते. खालच्या मजल्यावर, आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर, झोपेतच.

काचबाई आणि नवरा दिवसभर तिथंच होते. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचणार होता, तोवरची व्यवस्था बघायची होती, कपडे आवरायचे होते. वस्तादांचं सामान एका पिशवीत मावलं. संध्याकाळ झाली तेव्हा ती खोलीतून बाहेर आली आणि हॉलच्या दारात उभी राहिली.

टीव्ही चालू होता आणि काचेवर फिल्म होती. वॉर्डबॉयनं ती पहाटेच लावली होती, कुणाला काही कळायच्या आधी. आज तिच्यात एकही सुरकुती नव्हती. पलीकडे नुसते रंग हलत होते.

वॉर्डबॉय तिच्याजवळ आला. "दुपारपासून विचारतोय त्यांना, काढू का म्हणून," तो हळूच म्हणाला. "कुणी काही बोलत नाही. तुम्ही काढता का? तुमचाच मान."

काचबाई काचेकडे निघाली. पहिल्या खुर्चीवरून टेलिफोनवाल्या आजींनी हात आडवा केला.

"आज असू दे गं," त्या म्हणाल्या. "बस इथं."

शेजारची खुर्ची मोकळी होती. काचबाई बसली. नवरा मागे भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळानं व्यवस्थापक बाई आल्या, त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं आणि त्याही शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

आजींची मालिका लागली होती. त्यात कुणीतरी कुणालातरी काहीतरी कळवळून सांगत होतं. कोण कुणाला सांगतंय ते दिसत नव्हतं. सगळे समोर बघत बसले होते.